वाटणी रिकाम्या जागांची

पुणे–नाशिक महामार्ग आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांना उभा छेदून जातो. रस्त्यालगत आणि रस्त्याच्या उगवतीला मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही बागायतीच्या पैशावर वाढलेली गावे. ऊस, द्राक्षे, टोमॅटो, कांदा. भीमाशंकर आणि विघ्नहर हे दोन सहकारी साखर कारखाने. सकाळी चौकाचौकात उभ्या असलेल्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या. मावळतीला घोडेगाव मागे टाकले की डिंभे धरणाचा फुगवटा लागतो आणि त्याला वळसे घालत रस्ता थेट आहुप्याच्या कड्यापर्यंत जातो. जुन्नरकडूनही तेच. आपटाळे ओलांडले की इंगळूण, हातवीज, दुर्गावाडी, अंजनावळे, घाटघर. इथे भात, नाचणी आणि हिरडा. वस्ती महादेव कोळी, ठाकर आणि कातकऱ्यांची. भाताची कापणी उरकली की यातली कितीतरी माणसे पूर्वेच्याच बागायतीत मजुरीला उतरतात.

तालुका एकच, पंचायत समिती एकच, गटशिक्षणाधिकारी एकच. मग मंचरच्या मुलीला जो शिक्षक मिळतो तो आहुप्याच्या मुलीला का मिळू नये? 'शिक्षकच कमी आहेत' हे यावरचे ठरलेले उत्तर. ते अर्धे खरे आहे. कमी असलेले शिक्षक नेमके कोणाच्या वाट्याला कमी येतात, हा उत्तराचा दुसरा अर्धा भाग, आणि तो पूर्णपणे सरकारच्या हातातला आहे.

जिल्हा परिषदेच्या बदल्या सुरू झाल्या की शिक्षकांच्या तोंडी एक शब्द सतत असतो: समानीकरण. जिल्ह्यात जेवढी पदे रिक्त असतील ती सगळ्या तालुक्यांवर सारख्या प्रमाणात पसरावीत, म्हणून प्रत्येक तालुक्यातल्या काही जागा बदलीसाठी खुल्या न करता मुद्दाम रिकाम्या ठेवायच्या, अशी ही पद्धत. हेतू वाईट नाही. ती नसती तर पुण्याला खेटून असलेले हवेली आणि मुळशी भरून वाहिले असते आणि वेल्हे, आंबेगाव, जुन्नर कोरडे राहिले असते. पण ही वाटणी तालुक्यापाशी येऊन थांबते, आणि मूल तालुक्यात शिकत नाही, शाळेत शिकते. दहा शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी राहिली तर दोन तुकड्या एकत्र बसतात, मुख्याध्यापक एखादा वर्ग घेतात, पालकांना पत्ताही लागत नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी राहिली तर अर्धी शाळा गेली. उरलेला एक जण बैठकीला गेला किंवा तापाने पडला की दुसरा अर्धा भागही गेला. मग शेजारच्या वाडीवरच्या शाळेतून कोणाला तरी 'कामगिरीवर' पाठवले जाते. म्हणजे एका शाळेचे भोक बुजवायला दुसरीला भोक पाडायचे.

रिकाम्या जागा सारख्या वाटल्या म्हणजे शिक्षक सारखे वाटले असे होत नाही, हे माझे म्हणणे आहे. आणि ते माझ्या पदरचे नाही, कायद्याचेच आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचे कलम २६ म्हणते की सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेतली रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपलीकडे जाता कामा नयेत. हिशेब शाळेचा सांगितला आहे; तालुक्याचा, जिल्ह्याचा, राज्याचा नाही. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, असे त्याच कायद्याचे परिशिष्ट सांगते. आता दोनाचे दहा टक्के काढा. दोन दशांश शिक्षक. म्हणजे दोनशिक्षकी शाळेत एकही जागा रिकामी ठेवायची मुभा कायद्याने दिलेलीच नाही. कलम २५ सुद्धा विद्यार्थी-शिक्षक प्रमाण 'प्रत्येक शाळेत' राखायला सांगते आणि त्यासाठी एका शाळेच्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात राबवायला मनाई करते. कामगिरीचे आदेश निघतात ते या कलमाच्या नाकावर टिच्चून.

मंत्रालयात मात्र सरासरी चालते. आणि सरासरीत डोंगरावरची शाळा फार श्रीमंत दिसते! चौदा मुले, एक शिक्षक. म्हणजे चौदास एक. पुण्यातल्या महागड्या शाळेलाही न परवडणारे प्रमाण. कागदावर सुख आहे. प्रत्यक्षात त्या चौदांत पहिलीची चार, दुसरीची तीन, तिसरीची पाच, चौथीची दोन, असे चार वर्ग एका खोलीत बसलेले असतात. पहिलीतल्या पोराकडून 'क' आणि 'फ' यांतला फरक हात धरून गिरवून घ्यायचा असतो त्याच वेळी चौथीतली पोर भागाकारात अडकलेली असते. घरी बोलायची मराठी वेगळी, पुस्तकातली वेगळी. ठाकर किंवा कातकरी वस्तीवरचे मूल पहिली दोन वर्षे तर पुस्तकाच्या भाषेशीच झटत असते. एवढ्यात तांदळाची नोंद, पोषण आहाराची माहिती, ऑनलाइन हजेरी, शाळांच्या माहितीच्या 'युडायस' प्रणालीचे रकाने, कोणाच्या आधार कार्डावर नाव चुकले म्हणून केंद्रावर खेपा. ही शेवटची गोष्ट साधी नाही. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होणार हे, आता आधार वैध ठरलेल्या मुलांवर मोजतात. डोंगरातल्या एका मुलाच्या जन्मतारखेचा घोळ सुटला नाही तर ते मूल वर्गात बसलेले असूनही शिक्षक मागायच्या हिशेबात नसते.

बहुवर्ग अध्यापन ही वेगळी विद्या आहे. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीने एकशिक्षकी ग्रामीण शाळांसाठी पायरीपायरीने पुढे जाणाऱ्या कार्डांची पद्धत बसवली आणि तिचा प्रसार पुढे इतर राज्यांतही झाला. आपल्याकडे डी.एड. करणाऱ्या मुलाला मनात एक वर्ग, एक इयत्ता, चाळीस मिनिटांची तासिका धरूनच पाठ घ्यायला शिकवतात. मग तो थेट हातवीजला जातो. 'पात्र शिक्षक' म्हणताना आपण पदविका आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, एवढेच मोजतो. टीईटी हवीच. २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन पात्र झालेले ७,८७४ उमेदवार पुढे परीक्षा परिषदेला अपात्र ठरवावे लागले, एवढ्यावरून चाळणी किती गरजेची आहे आणि ती किती सहज फाडता येते, हे दोन्ही कळते. पण चार इयत्ता एकट्याने सांभाळायची तयारी ही पात्रता कोणत्याच परीक्षेत तपासली जात नाही. ती सर्वात जास्त लागते तिथे सर्वात नवखा माणूस पाठवला जातो.

नवखाच का? बदल्यांचे नियम बघा. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्ह्यातल्या शाळा 'अवघड' आणि 'सर्वसाधारण' अशा दोन क्षेत्रांत विभागल्या आणि बदल्या ऑनलाइन केल्या. अवघडात तीन वर्षे काढली की शिक्षक 'बदली अधिकारपात्र' होतो आणि सोप्यात दहा वर्षे बसलेल्याच्या जागेवर हक्क सांगू शकतो. शिक्षकांच्या भाषेत त्याला 'खो' देऊ शकतो. त्याआधी बदलीसाठी पुढाऱ्यांच्या वाड्यावर खेटे घालावे लागत. त्या मानाने हे फार मोठे पाऊल होते आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. गंभीर आजार, अपंगत्व, वैधव्य, त्रेपन्नच्या पुढचे वय अशांना बदलीत अग्रक्रम देणारा संवर्ग एक. पती-पत्नी एकत्र राहावेत म्हणून संवर्ग दोन. या सवलती माणुसकीच्या आहेत, त्या काढा असे कोणी म्हणणार नाही. पण या सगळ्या चाळण्यांतून खाली जे उरते ते डोंगरावर जाते: नवीन भरतीतली पोरे आणि कुठेच जागा न मिळालेले विस्थापित. ती तीन वर्षे मोजतात. मूल दुसरीतून चौथीत जाईपर्यंत त्याने दोन-तीन गुरुजी पाहिलेले असतात, मध्ये एखादे सत्र गुरुजींविनाही गेलेले असते.

शिक्षकांना दोष देऊन इथे काही हाती लागत नाही. गेल्या काही वर्षांत 'गुरुजी मुख्यालयी राहत नाहीत' यावरून बराच धुरळा उडाला. घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो, म्हणून ठराव दिले जातात, आणि ते खोटे असतात हे देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला ठाऊक असते. ज्या वाडीवर भाड्याने खोली नाही, दवाखाना नाही, पावसाळ्यात आठवडा-आठवडा वीज नाही, तिथे बायकामुलांसह राहा असे सांगणे हा कारभार नव्हे, कागदी नाटक आहे. जपानने यावर १९५४ सालीच दुर्गम भागातल्या शिक्षणासाठी वेगळा कायदा केला. स्थानिक संस्थांनी तिथल्या शिक्षकांना घर द्यायचे, प्रशिक्षण द्यायचे, मुलांच्या प्रवासाची सोय पाहायची. प्रांताने दुर्गमतेच्या प्रतवारीप्रमाणे, पगाराच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत, भत्ता द्यायचा. नेमणुका आणि बदल्या प्रांताच्या हातात, पगारातला वाटा केंद्राचा. त्यामुळे मासेमारी करणाऱ्या बेटावरच्या शाळेलाही शहरातल्यासारखाच शिक्षक मिळतो, आणि तिथे काढलेली वर्षे शिक्षा मानली जात नाहीत. आपल्याकडेही आदिवासी भागातल्या कर्मचाऱ्यांना ऑगस्ट २००२ च्या निर्णयाने एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते. पण घर नाही, बढतीत वजन नाही, आणि बारा वर्षांनी 'चटोपाध्याय' लागली की एकस्तरचे काय करायचे यावर कोर्टकचेऱ्या. (वरिष्ठ वेतनश्रेणीला एका राष्ट्रीय शिक्षक आयोगाच्या अध्यक्षांचे आडनाव चिकटवून ते सामान्यनामासारखे वापरणारी आपली शिक्षकमंडळी बहुधा जगात एकमेव असावीत.)

यापेक्षा मोठे पाप सरकारचे आहे, आणि ते पंचवीस वर्षांचे आहे. जिथे पात्र शिक्षक पोचवणे महाग पडते तिथे शिक्षकाची स्वस्त आवृत्ती पाठवायची, हा या राज्याने धरलेला मार्ग. २००० च्या सुमारास वाड्यावस्त्यांसाठी वस्तीशाळा आल्या. गावातलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी महिना हजार रुपयांवर नेमायची आणि तिला निमशिक्षक म्हणायचे. या मुलामुलींनी झाडाखाली, ओसरीवर, देवळात शाळा चालवल्या. त्यांना पूर्ण शिक्षक म्हणून सामावून घ्यायला सरकारला मार्च २०१४ उजाडला. त्याच काळात शिक्षणसेवक आले: पूर्ण पात्रता, पूर्ण काम, तीन वर्षे मानधन. ते मानधन तीन हजारांपासून सुरू झाले आणि सोळा हजारांवर यायला २०२३ साल लागले. मधल्या काळात डी.एड. विद्यालयांचे अमाप पीक येऊ दिले, आणि पीक हाती आल्यावर २ मे २०१२ ला भरतीच थांबवली. दारात लाखो पदविकाधारक आणि वर्गात गुरुजी नाही, असा विनोद कोणत्याही नाटककाराला सुचला नसता. २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी, मग भरतीचे 'पवित्र' पोर्टल, मग २०२३ मध्ये पुन्हा चाचणी, २०२४ मध्ये एकवीस हजारांवर जागांची जाहिरात. भरती झाली हे चांगलेच झाले. पण जुलै २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना वीस हजारांवर परत बोलावण्याची आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वीसपर्यंत पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक पंधरा हजारांच्या कंत्राटावर नेमण्याची वेळ याच सरकारवर आली. कंत्राटाची मर्यादा आरडाओरडा झाल्यावर दहाच्या पटावर आणली गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णयच मागे घेतला गेला. मागे घेतला हे बरे. पण प्रयोग करायचा झाला तर सर्वात आधी कोणाच्या मुलांवर करायचा, हे दर वेळी कसे न सांगता ठरते? मंचरच्या मोठ्या शाळेत निमशिक्षक कधीच नेमले गेले नाहीत.

यावर अर्थखात्याचा युक्तिवाद असा की दहा-बारा मुलांसाठी दोन पूर्ण पगार हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या जवळजवळ पंधरा हजार शाळा आहेत, त्या एकत्र करून 'समूह शाळा' कराव्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने तसे प्रस्ताव मागवले, पानशेत आणि तोरणमाळचे दाखले दिले. हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. चार मुलांची शाळा ही मुलांनाही चांगली नसते. त्यांना खेळायला संघ होत नाही, वाद घालायला बरोबरीचे कोणी नसते, वर्गात पहिले येण्याला अर्थ नसतो. जिथे बारमाही रस्ता आहे, भरवशाची गाडी आहे आणि ग्रामसभा स्वखुशीने होकार देते आहे तिथे दोन शाळा एकत्र आल्या तर मी आनंदाने टाळी वाजवीन.

पण पश्चिम पट्ट्यात या तीन अटी क्वचितच एकत्र जुळतात. जून ते सप्टेंबर इथला पाऊस ओढ्यांना वाट देत नाही. जुन्नर वनविभागात बिबट्याचे हल्ले हा आता बातमीचा नव्हे, रोजच्या काळजीचा विषय आहे. सहा वर्षांच्या मुलीने दोन मैल चालत जावे असे म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या नातीला धाडून पाहावे. आणि गाडीचे कंत्राट निघते, वर्षभर चालते, बिल थकते, गाडी बंद पडते, तोवर वाडीतली शाळा मोडलेली असते. मग मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात आणि त्यातल्या मुलींचे शिक्षण चौथीला संपते. शाळा बंद करण्याआधी गाडी तीन वर्षे सलग चालवून दाखवा, एवढी साधी अट सरकारने स्वतःवर घालून घ्यावी.

शिवाय पट आपोआप घटत नाही. एक जागा रिकामी राहते, शिकवणे ढासळते, ज्याला परवडते तो पालक मुलाला घोडेगावला किंवा जुन्नरला मामाकडे ठेवतो, पट आणखी उतरतो, संचमान्यतेत पद जाते, आणि मग अधिकारी म्हणतात, लोकांनाच ही शाळा नको आहे. आदिवासी विकास विभागाने तर याची वेगळी पायवाटच बांधली आहे. आदिवासी मुलांना 'नामांकित' इंग्रजी माध्यमाच्या खासगी निवासी शाळांत पाठवायचे आणि मुलामागे वर्षाला सत्तर हजारांपर्यंत फी सरकारने भरायची. काही मुलांचे त्यात भले झाले असेल, नाकारत नाही. पण याच विभागाच्या गोहे, तेरुंगण, असाणे, सोनावळे इथल्या आश्रमशाळा घोडेगाव प्रकल्पाखाली आहेत, आणि राज्यभरच्या आश्रमशाळांमध्ये रोजंदारी आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर वर्षानुवर्षे भागवले गेले. २०२५ मध्ये तर सतराशेहून अधिक पदे बाह्यस्रोताने भरायचा निर्णय झाला आणि रोजंदारीवरची माणसे नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसली. खासगी शाळेची फी भरायला पैसे आहेत आणि स्वतःच्या आश्रमशाळेत गणिताचा कायम शिक्षक नेमायला नाहीत, हा तुटवडा पैशाचा नव्हे.

स्थानिक शिक्षकाचा प्रश्न याच वाटेवर येतो, आणि तो जुना आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जी कैफियत मांडली तिच्यात प्राथमिक शाळेच्या मास्तरावर बराच भर आहे. मास्तर प्रशिक्षित हवा, तो शक्यतो शेतकरी वर्गातला हवा, नांगराला हात लावायची लाज न वाटणारा आणि गावात मिसळणारा हवा, आणि त्याला पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा ते वीस असावा. लक्षात घ्या, प्रशिक्षण, मातीचे नाते आणि पगार या तिन्ही गोष्टी जोतीराव एका दमात मागतात. सरकारने पुढे त्यांना वेगवेगळे केले: वस्तीशाळेवर नातेवाला माणूस नेमला, पण प्रशिक्षण आणि पगार काढून घेतला, बदलीच्या यादीतून प्रशिक्षित माणूस पाठवला, पण त्याचे नाते तीन वर्षांचे. ज्या जुन्नर तालुक्यातल्या ओतुरात सत्यशोधकांनी भटजीशिवाय लग्ने लावून दाखवली, त्या तालुक्यात जोतीरावांच्या या मागणीची आठवण करून द्यावी लागते, हे खटकते.

दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अशा क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक वगैरे पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. २०१९ मध्ये लोकसंख्येप्रमाणे शंभर, पन्नास, पंचवीस टक्के अशी फोड झाली. मग एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आंध्र प्रदेशातले अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकांचे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवले आणि इथलीही भरती खटल्यात अडकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेचे उपाध्यक्षच मंत्रालयाच्या जाळीवर उडी मारतात, तेव्हा कुठे मानधनावर तात्पुरत्या नेमणुकांचा मार्ग निघतो. न्यायालयाचे म्हणणे मला एका बाबतीत पटते: आदिवासी मुलांना फक्त आदिवासीच शिक्षक मिळावा, असा नियम मुलांच्याही हिताचा नाही. पण निम्म्या जागांवर तरी याच खोऱ्यातली, पूर्ण पात्र, पूर्ण पगारी माणसे बसायला कोणाची हरकत असावी? घोडेगावच्या आणि जुन्नरच्या महाविद्यालयांत महादेव कोळी, ठाकर मुले-मुली पदवी घेत आहेत. त्यांना बहुवर्ग अध्यापनासह पदविका देऊन, विद्यावेतन देऊन, आपल्याच खोऱ्यात दहा वर्षे शिकवायच्या करारावर नेमले तर 'खो' देऊन पळायची घाई त्यांना नसेल. स्थानिक म्हणजे हजरच, असे मात्र मी म्हणत नाही. गावातलाच शिक्षक गावातलेच राजकारण करत शाळेकडे पाठ फिरवतो, हेही महाराष्ट्राने पाहिलेले आहे. म्हणून स्थानिकाला सूट नको. घर, पगार आणि जाब तिन्ही सारखे हवेत.

काही जण अशा वेळी शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीचे किंवा खेडमधल्या जालिंदरनगरचे नाव काढतात. दोन्ही जिल्हा परिषदेच्या शाळा; एकीच्या प्रवेशासाठी रांगा लागल्या, दुसरीने २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय पारितोषिक आणले. कौतुक मनापासून आहे. सरकारी शाळा म्हणजे निकृष्ट, हा समज त्यांनी खोटा पाडला. पण एका असामान्य शिक्षकाने आणि जिद्दी गावाने काय घडवले यावरून सामान्य शिक्षकाच्या, सामान्य गावाच्या मुलाला काय मिळायला हवे याचे धोरण ठरत नाही. सरकारचे काम शिखरे मोजण्याचे नाही. तळ किती खाली आहे ते पाहून तो वर उचलण्याचे आहे. मूळचे कोल्हापूरकडचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन टोकांचा त्रिकोण भारतीय शिक्षणाच्या हाती कसा लागत नाही, यावर त्यांनी १९७५ साली पुस्तकच लिहिले. त्या त्रिकोणातले संख्येचे टोक आपण बऱ्यापैकी गाठले. वाडीवाडीवर शाळा गेली. समतेचे टोक गाठायचे तर आता शाळेतून शिक्षकाकडे जायला हवे.

आणि इथेच राजकारणाचा मुद्दा येतो. डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. त्यांच्या पाण्यावर शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत हक्क सांगितला जातो. आवर्तन चार दिवस पुढे-मागे झाले तर मोर्चे निघतात, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आमदार हमरीतुमरीवर येतात, कोणत्या चारीला किती दिवस पाणी हे वर्तमानपत्रांत छापून येते. ते योग्यच आहे. पाणी वाटायचे तर हिशेब उघड्यावर हवा. पण ज्यांची जमीन डिंभ्याच्या पाण्याखाली गेली त्यांच्या नातवंडांच्या शाळेत किती जागा रिकाम्या आहेत, याचा तक्ता कोणत्या बैठकीत वाचला जातो? शिक्षकांची आवर्तने ऑनलाइन पोर्टलच्या पोटात ठरतात, आणि शेवटच्या चारीला पाणी पोचले की नाही हे कोणी बघायला जात नाही.

करायचे काय, हे अवघड नाही. रिक्त पदे ठेवायचीच असतील तर ती सर्वात मोठ्या आणि सर्वात सोप्या शाळांत ठेवावीत, कारण तिथे एका शिक्षकाची उणीव दहा जणांत वाटली जाते. दोनशिक्षकी शाळेतली जागा समानीकरणातून कायमची वगळावी. तिथला शिक्षक बदलून चालला असेल तर दुसरा हजर झाल्याशिवाय त्याला कार्यमुक्त करू नये. अवघडात काढलेल्या वर्षांना केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी होताना वजन द्यावे, म्हणजे अनुभवी माणसे आपणहून वर जातील. डिंभे, आपटाळे अशा मधल्या ठिकाणी शिक्षकांसाठी घरे बांधावीत आणि खोट्या ठरावांचा खेळ थांबवावा. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण एवढ्याच तीन कामांना शिक्षक जुंपायची मुभा शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ देते. बाकीचे रकाने भरायला केंद्रावर एक कारकून नेमावा, तो शिक्षकापेक्षा स्वस्तही पडतो. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. पैसा लागतो तो घरांना, आणि तो एका उड्डाणपुलाच्या हिशेबात सहज बसेल.

हे आपणहून होईल असे मात्र मला वाटत नाही. म्हणून ज्यांची मुले या शाळांत आहेत त्यांना एक विनंती. पेसा कायद्याने सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि तिथले कर्मचारी यांच्यावर नियंत्रणाचा अधिकार तुमच्या ग्रामसभेला आणि पंचायतीला दिलेला आहे. येत्या ग्रामसभेत हिरड्याच्या भावाचा ठराव मांडाल तेव्हा त्याच्याच खाली आणखी एक ठराव लिहा: आमच्या शाळेत मंजूर पदे इतकी, हजर शिक्षक इतके, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ प्रमाणे जागा इतक्या दिवसांत भरावी. सचिवाची सही घ्या, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाठवा, आणि पोच जपून ठेवा.